सुनंदाताईंचं वजन कुनी लिवलंच न्हाई

सुनंदाताई गेल्याचं जीपवाल्या बबनभाऊनं सांगितलं. मी कम्प्युटरच्या खोलीत हुते, मांडीवर माझी पोरगी सोनी झोपलेली, एका हातानं तिला थोपटत दुसऱ्या हातानं गावातल्या पोरांची वजनं भरत हुते. भाऊ दारातच उभा राहिला, आत आला न्हाई. म्हनला, "मंगल, ताई काल वारल्या, नगरच्या दवाखान्यात." मी व्हय म्हनले आन् पुढचं नाव भरलं. त्याच्या पुढचं बी भरलं. मग बोटं थांबली ती थांबलीच… घरी येऊन रडले तर सासूबाई म्हनल्या, "एवढं कशाला रडतीस, तुझी कोन लागत हुती ती?" तवा मला सांगता आलं न्हाई. आता दीड महिना झाला, म्हनून सांगते.

आमचं गाव पाथर्डीकडचं. दिवाळी झाली की अर्ध्या घरांना कुलपं, मानसं ऊसतोडीला, पोरं बी त्यांच्यासंगं. ती पोरं वाढतात कशी, आजारी कवा पडतात, हे कुनाला धड ठावं नव्हतं, म्हनून नगरच्या एका संस्थेनं अभ्यास काढला आन् ताईंना इकडं धाडलं. शाळेमागच्या खोलीत कम्प्युटर आला. तो चालवायला बाहेरून शिकलेली मानसं आना, असं संस्थेतले म्हनत हुते, पन ताई अडून बसल्या. "बाहेरचा माणूस दोन वर्षांनी जाईल, गावची बाई इथंच राहील." मी सातवी नापास, कडेवर तीन महिन्यांची सोनी. मला वाटायचं बोट लावलं तर करंट बसंल, नायतर एवढं महागाचं यंत्र बंद पडंल आन् नवरा घरात घेनार न्हाई. ताई माझं बोट धरून एकेक बटन दाबायच्या. म्हनायच्या, "ते बंद पडलं तर चालू करू गं. तू नको बंद पडूस."

काम असं, की घरोघर जाऊन काटा आढ्याला टांगायचा, झोळीत पोर ठेवायचं, आकडा कागदावर लिवायचा आन् खोलीत येऊन कम्प्युटरात भरायचा. कम्प्युटर दर पोराच्या वजनाची रेघ काढायचा. रेघ खाली वळली की ताई त्याच घरी जायच्या. पन गुटगुटीत पोराचं वजन असं मोठ्यानं सांगायचं, कागदावर ठेवायचं, पार नगरला पाठवायचं… माझा जीव घाबरा व्हायचा. दृष्ट लागली तर? मी पन आईच की. मग बाळसेदार पोर दिसलं की मी गुपचूप अर्धा किलो कमी लिवायची. मला वाटायचं मी पुन्य करते.

हौसाबाईंचा नातू असाच, टम्म. त्याचं मी अर्धा किलो कमी लिवलं. पुढच्या महिन्यात त्याला जुलाब लागले, अर्धा किलो खरंच उतरला. या वक्ताला मी खरं लिवलं. मला वाटलं, कम्प्युटर सांगंल ताईंना. पन कागदावर दोन्ही महिन्यांचा आकडा एकच पडला, रेघ सरळ गेली, ताई त्या घरी गेल्याच न्हाईत. चार दिसांनी पोरानं डोळे फिरवले, तवा बबनभाऊनं जीपमधनं पाथर्डीला न्हेलं. वाचलं पोर, पन दहा दिवस सलाइनवर हुतं.

ताई माझे कागद घिऊन बसल्या. "पोर एवढं वाळलं, मग रेघ का नाही वळली, मंगल?" मला वाटलं, काम जाईल, गावात तोंड दाखवता येनार न्हाई… पन सगळं सांगितलं. ताईंनी कागद मिटले. मग म्हनल्या, "टीट गालावर लाव गं. आकड्याला कशाला लावतेस?" मी मान वर केली न्हाई. त्या मला घिऊन पुना घरोघर हिंडल्या, सगळी पोरं परत जोखली. हौसाबाई दारातनंच वरडल्या, "आता तरी खरं लिवतीस का गं भवाने?" ताई म्हनल्या, "लिहील. तुम्ही मापात शिव्या द्या." आन् संस्थेला त्यांनी कळवलं, "चूक माझी, मी हिला काटा शिकवला, हिला भीती कशाची वाटते ते विचारलंच नाही."

औंदा पावसाळ्यापासून ताईंचं पोलकं सैल दिसायला लागलं. बांगड्या पार कोपराकडं सरकायच्या. एवढी पोरं जोखल्यावर मला वजन डोळ्यांनी कळतं… पाच-सहा किलो तरी उतरल्या हुत्या. एकदा धीर करून म्हनले, "ताई, दाराशी बाळंतिनींचा मोठा काटा हाय, जरा उभ्या ऱ्हावा की." त्या हसल्या. "माझा कुठं फॉर्म आहे गं?" मी पुना म्हनले न्हाई. मोठ्या मानसाला एकच गोष्ट दोनदा कशी सांगायची, या भ्यानं… पोटात गाठ हुती म्हने. लवकर आल्या असत्या तर, असं डॉक्टर म्हनले. गावातल्या एकूनएक पोराचं, बाळंतिनीचं वजन त्या कम्प्युटरात हाय. ताईंचं एक बी न्हाई.

परवा शेजारच्या गावच्या दोघी शिकायला आल्या. ताई शिकवनार हुत्या, आता मलाच शिकवायचंय. आकडा दोनदा मोठ्यानं म्हनायचा, मग लिवायचा, ही ताईंची सवय, ती अजून त्या खोलीत हाय. मी दोघींना कम्प्युटरला हात लावू दिला न्हाई, आदी मोठ्या काट्यावर उभं केलं. त्या लाजल्या, एकमेकींना ढकलू लागल्या. थोरली शांता, तोंडाची फटकळ, म्हनली, "आन् तुमचं कोन लिवतं वो?"

मी सोनीला खाली ठेवलं, चपला काढल्या, काट्यावर चढले. शांता वाकून बघत हुती. "अगं बया, तुमी तर लईच हलक्या…" म्हनली. मग हळूच आकडा सांगितला.

मी भिंतीकडं बघत म्हनले, "दोनदा म्हन. मग लिव."