जावयाचा फेटा आन् गिटार

दौंडच्या बँडात मी क्लॅरिनेट वाजवायचो, बँजो वाजवायचो, पडंल ते वाजवायचो. पण नाव झालं गिटारीनं. शिरूर-पाटसकडचे लोक बँड ठरवताना आधी विचारायचे, "गिटारवाला येणार ना?" सासऱ्यांनी मात्र भावकीत सांगितलं होतं, जावई रेल्वेत हाय.

मेव्हणीचं लग्न वडगाव रासाईला होतं. मी बँडातनं सुट्टी घेऊन आधीच गेलो. फेटा बांधून मला जावयाच्या मानानं पुढं बसवलं. वऱ्हाड आलं आन् मी गार पडलो. नवऱ्याकडच्यांनी आणलेला बँड आमचाच होता.

नवरदेवाचा चुलता बँडमास्तरावर ओरडत होता, "गिटारवाला कुठंय? त्याच्यासाठीच तुम्हाला सांगितलं."

मास्तरानं बोट केलं. "तो काय, फेटा घालून बसलाय!"

मांडव हसला. "व्याह्यांचा जावई वाजंत्री निघाला की!" सासऱ्यांची मान खाली गेली. मी लाजेनं मेलो. फेटा काढून त्यांच्यापुढं ठेवला आन् गिटार घ्यायला उठलो.

तेवढ्यात माझी बायको बायकांतनं उठून सरळ पुरुषांत आली. तवा असं कुणी येत नव्हतं. तिनं फेटा उचलला, माझ्या डोक्यावर ठेवला आन् म्हणाली, "आता वाजवा. जावई म्हणूनच वाजवा."

वाजवलं. लोकांनी पुन्हा पुन्हा वाजवायला लावलं. पण तिच्याकडं बघायची माझी छाती झाली न्हाई.

परतीच्या मोटारीत ती एवढंच बोलली, "फेटा तिरका बसला होता." मी खिडकीबाहेर बघत राहिलो. आता ती न्हाई. 'बरं केलंस' एवढं म्हणायचंबी माझ्याच्यानं झालं नव्हतं.