सुई सरळ आहे, असं मी म्हणालो

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही. आमच्या पाळकसाहेबांना नाही, आणि त्यांच्यासमोर तर मी दर रविवारी चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसत आलो. तुम्हांला का सांगतोय, ते मलाही नीट कळत नाही. तुम्ही कासमचाचांना ओळखत नव्हता, एवढं एक कारण असेल. जे ओळखत होते त्यांच्याकडे बघून हे बोलण्याची माझी छाती झाली नसती.

मी ड्रॉइंगमास्तर. नगरच्या मिशनच्या शाळेत मुलांना सुरई आणि जास्वंद काढायला शिकवायचो. दुसऱ्या मोठ्या लढाईची शेवटची दोन-तीन वर्षं मात्र मी शाळेत नव्हतो, भिंगारजवळच्या लष्करी कॅम्पात होतो. तिथे रणगाड्यांवरच्या शिपायांना शिकवण्यासाठी लाकडाचे लहान रणगाडे बनवत. वीतभर लांब, पण हुबेहूब. वाळू पसरलेल्या मोठ्या टेबलावर ते मांडायचे आणि शिपायांनी लांबून दुर्बिणीतून ओळखायचं, आपला कोणता आणि शत्रूचा कोणता. सुतार ते घडवत, आणि रंगवायला आम्ही दोघं होतो. मी आणि कासमचाचा.

मी परीक्षा दिलेला, सर्टिफिकेट भिंतीवर टांगलेला. चाचा शाळेची पायरी न चढलेले. नगरात मोहरमचे ताबूत बनवणाऱ्या घरातले. बांबूच्या कामट्या, रंगीत कागद, अभ्रक, आणि हातात एक बारीक चाकू. त्यांच्या मोहल्ल्याचा ताबूत बघायला माणसं पार तिसगावाहून येत. कागदाची जाळी अशी कापायचे की तिच्यापलीकडे दिवा ठेवला तर भिंतीवर वेल उमटावी. साठीच्या जवळ आले होते. असा माणूस माझ्या शेजारच्या स्टुलावर बसून रणगाड्याची चाकं रंगवत होता, आणि माझ्यापेक्षा चांगली रंगवत होता. मला ते खुपत होतं का? खुपत होतं. पण पुढे जे झालं ते त्यामुळे झालं असं म्हणू नका. असूयेने झालं असतं तर ते निदान माणसासारखं तरी झालं असतं.

रंगवायला कॅम्पातल्या गोऱ्या साहेबाने विलायतेहून एक यंत्र आणलं होतं. त्याचं तो काहीतरी इंग्रजी नाव सांगायचा, आम्ही फुंकणी म्हणायचो. जाड पेनाएवढी नळी, वर रंगाची इवलीशी वाटी, आणि बंदुकीसारखा एक घोडा. मागून रबरी नळीतून हवा. ती हवा लॉरीच्या जुन्या टायरात भरून ठेवायची, आळीपाळीने पंप मारून. घोडा खाली दाबला की हवा सुटते, मागे ओढला की रंग. आत पोटातून एक लांब सुई गेलेली असते. तिचं टोक किती मागे सरकतं, त्यावर रेघ केसाएवढी येते की पंजाएवढी.

फुंकणी चालवणं सोपं, तिला सांभाळणं अवघड. हे सगळं मला चाचांनी शिकवलं, आणि त्यांना कुणी शिकवलं असेल तर तिनेच. रंग दोनदा मलमलीतून गाळायचा. दुधाइतका पातळ करायचा. काम थांबलं की टर्पेंटाइन फुंकून काढायचं, दोन मिनिटंसुद्धा रंग आत वाळू द्यायचा नाही. वाटीत बुडबुडे आले तर पुढचं टोक ढिलं आहे. रंग थुंकल्यासारखा थेंबाथेंबाने उडाला तर आधी रंग बघायचा, मग हवा, मग नळीत पाणी साचलंय का ते, आणि सगळ्यांत शेवटी सुई. सुई काचेवर लोळवायची. टोक नाचलं तर वाकलंय. अंगठ्याच्या नखावरून हलकेच ओढायची. नखाला ओरखडा आला तर टोकाला आकडा झालाय.

ही शेवटची दोन कामं माझी होती. सुईच्या टोकाएवढं बारीक चाचांना दिसत नसे, आणि जन्मभर चाकू नि सरस यांत बुडलेलं त्यांचं नख इतकं निबर झालं होतं की त्याला काही टोचलेलं कळायचं नाही. ते म्हणायचे, सुईच्या बाबतीत माजं नख म्हंजी मास्तरांचं नख. आल्यागेल्याला सांगायचे, मोठ्या कौतुकाने.

तर एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी सुई पुसत होतो. चाचा नमाजाला गेले होते. ती बोटांतून निसटली आणि टोकावरच शहाबादी फरशीवर पडली. आवाजसुद्धा आला नाही. उचलून नखावरून ओढली तर पांढरा ओरखडा उठला. साहेबाने पहिल्याच दिवशी बजावलं होतं की सुई एकच आहे, दुसरी नगरात नाही, पुण्यात नाही, बोटीने यायला सहा महिने लागतील, आणि ज्याच्या हातून मोडेल त्याने दुसऱ्या दिवशी यायचं नाही. माझं लग्न होऊन वर्ष झालं होतं. शाळेतली जागा दुसऱ्याला दिली होती. मी नखाने दाबून टोक जमेल तसं सरळ केलं आणि सुई आत सरकवून दिली.

एवढ्यावर थांबलं असतं तर हा कबुलीजबाब द्यायची गरज नव्हती. हो ना?

ठिगळांचं काम माझ्याकडे असे, वाळूच्या रंगावर हिरवे-तपकिरी मोठे डाग. त्याला रंग भरपूर सोडावा लागतो, त्यात तो आकडा आड येत नव्हता. माझे डाग स्वच्छ येत होते. बारीक काम चाचांचं. तोफेखालची सावली, झाकणाच्या फटी, चाकांमधला काळोख. तिथे सुई केसभरच मागे घ्यायची असते, आणि तिथेच रंग त्या आकड्यावर साचून थुंकू लागला. सरळ रेघ जाता जाता मधेच एक ठिपका. परत रेघ, परत ठिपका.

चाचा चिडले नाहीत. एकेक करून सगळं तपासलं. रंग पुन्हा गाळला. आणखी पातळ केला. टायरात हवा भरली. नळी सोडवून झटकली, उन्हात टांगली. पुढचं टोक काढून टर्पेंटाइनमध्ये बुडवून ठेवलं. मी बाजूला बसून सगळं बघत होतो. मग त्यांनी विचारलं, "मास्तर, सुई बघितली का?"

"बघितली," मी म्हणालो. "सरळ आहे."

तीन दिवस हे चाललं. तीन दिवस त्यांनी तीच शोधाशोध पहिल्यापासून केली आणि तीन दिवस रोज एकदा तो प्रश्न विचारला. रोज मी तेच उत्तर दिलं. एकदा तर त्यांच्यादेखत सुई काढून नखावरून ओढून दाखवली. नख मी माझ्याकडे वळवून धरलं होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी फुंकणी टेबलावर ठेवली. रंग चांगला, हवा चांगली, नळी कोरडी, सुई सरळ. मग उरलं काय? त्यांनी उजवा हात पुढे केला, बोटं पसरली आणि त्याच्याकडे बघत राहिले. बराच वेळ. कुणाचाही हात तेवढा वेळ हवेत धरला तर बोटं जराशी हलणारच. तुमचीही हलतील.

"मास्तर," ते म्हणाले, "खरं सांगा. माजा हात हलतुया का?"

त्या वेळी बोलायचं होतं. तोंड उघडलं मी, ते खरं सांगण्यासाठीच उघडलं असं मला अजून वाटतं. आणि त्यातून बाहेर पडलं, "थोडा हलतो, चाचा."

हे मी बोललो? माझाच आवाज होता तो? हे वाक्य मी ठरवलं नव्हतं, मनात जुळवलं नव्हतं. घोटभर पाणी मागावं इतक्या सहज ते आलं. बोटं त्या क्षणी खरंच जराशी हलत होती, तेव्हा हे खोटं नव्हतं असं म्हणण्याची सोय मला आहे. ती मी घेणार नाही. ते हाताबद्दल विचारत नव्हते, ठिपक्यांबद्दल विचारत होते, आणि ते मला समजत होतं.

ते स्वतःच साहेबाकडे गेले. म्हणाले, माझ्याकडून आता बारीक काम होत नाही, ते मास्तरांना द्या. साहेबाने दिलं. त्या संध्याकाळी मी सगळे गेल्यावर मागे राहिलो, सुताराच्या धार लावायच्या तेलदगडावर एक थेंब तेल टाकलं आणि सुईचं टोक फिरवत फिरवत घासलं. दहा मिनिटं लागली. फक्त दहा! आकडा गेला. नखावर उमटेना, काचेवर नाचेना. इतकी साधी दुरुस्ती होती ती, आणि त्यापायी मी तीन दिवस एका म्हाताऱ्या माणसाला त्याच्याच हातावर शंका घ्यायला लावलं होतं.

पण पुढचं ऐका. दुसऱ्या दिवशी माझ्या हातून रेघा केसासारख्या आल्या. सुतार जमले, साहेब आला, चाचाही येऊन उभे राहिले. यंत्र तेच, रंग तोच, आणि माझ्या हातून एक ठिपका नाही. माझ्या दुरुस्तीने त्यांच्याविरुद्ध पुरावा उभा केला. चाचांनी माझ्या पाठीवर थाप मारली. महिनाभर ते लाकडाला पॉलिशकागद घासत बसले, मग येईनासे झाले.

मी मनाला समजावलं, गेली तर एक नोकरी गेली. घरचा धंदा आहेच, ताबूत आहे. मग मोहरम आला, आणि मला कॅम्पात नेणाऱ्या टांगेवाल्याने वाटेत सहज सांगितलं की यंदा कासमचाचांनी ताबूत सोडला. मोहल्ल्यातली बुजुर्ग माणसं घरी जाऊन विनवून आली. चाचा म्हणाले, हलत्या हाताने हे काम करणार नाही, बेअदबी होईल. चाकू त्यांनी पुतण्याला देऊन टाकले. मी टांग्यातून मधेच उतरलो आणि रस्त्याच्या कडेला उभा राहिलो. ताबूत माझ्या डोक्यातच आला नव्हता. एका माणसाचा जन्म ज्यावर उभा होता ते मी पाडलं होतं, आणि पाडताना तिकडे माझं लक्षसुद्धा नव्हतं.

वाटलं, लगेच जावं आणि सांगावं. गेलो नाही. साहेब होता, नोकरी होती. म्हणजे भीती होती. इथवरचं पाप भीतीचं आहे, आणि भ्यालेल्या माणसाला लोक समजून घेतात. म्हणून खरं सांगायचं ते अजून राहिलंय.

लढाई संपली. साहेब विलायतेला गेला, लाकडी रणगाड्यांचा कारखाना बंद झाला, फुंकणी पेटीत घालून कुठेतरी पाठवली गेली. मला शाळेत परत घेतलं. आता मला कुणाचंही भय उरलं नव्हतं. त्या वर्षीच्या ईदला मी चाचांच्या घरी गेलो. सांगायलाच गेलो होतो, शपथेवर. शीरखुर्मा झाला. मग चाचांनी स्वतः किटली उचलून माझ्या कपात चहा ओतला. काठोकाठ भरला आणि बशी माझ्या हातात दिली. बशीत एक थेंब सांडला नव्हता.

मी बघतोय हे त्यांनी बघितलं.

"आज न्हाई हलत," ते म्हणाले. मग थांबून, जरा लाजत, "मास्तर, लई दिवस झालं इचारीन म्हनतो. औंदा परत चाकू हातात धरू का? तुमाला काय वाटतं?"

यापेक्षा सोपा प्रश्न मला जन्मात कुणी विचारला नाही. हो म्हणायचं. फक्त हो. सुईचं सांगायचीही गरज नव्हती. पण माझ्या डोक्यात एकच आलं, की यांनी चाकू धरला आणि जाळी पहिल्यासारखी कापली गेली तर हात चांगला होता हे यांना कळेल. मग हे मागे जातील. रंग, हवा, नळी, आणि मग सुई. ते शोधण्यात पक्के होते.

"नको, चाचा," मी म्हणालो. "एखाद्या दिवशी बरा असतो. पण भरवसा नाही."

त्यांनी मान हलवली. हात मांडीवर ठेवला, त्यावर दुसरा हात ठेवला.

"घरची मानसं म्हंत्यात, हात चांगलाय, काय झाल्यालं न्हाई," ते म्हणाले. "माजं मन राखत्यात. खरं सांगनारं तुमी एकलंच हाय, मास्तर."

मी चहा पूर्ण प्यायलो. त्यांना ईद मुबारक म्हणून निघालो. चाचा त्यानंतर अकरा वर्षं जगले आणि त्यांनी पुन्हा चाकूला हात लावला नाही. त्यांचा हात चांगला होता. ते एकट्या मला पक्कं माहीत होतं, आणि त्या अकरा वर्षांत एकाही दिवशी मी त्यांना ते सांगितलं नाही.