टेम्पोत मी बोललो ते

बिडकीनच्या शाळेत आमच्या वर्गात एक मुलगा होता, त्याला सगळं विचारायची सवय होती. वडिलांची पिठाची गिरणी गावाबाहेर रस्त्यालाच, त्यामुळे त्याच्या केसांत आणि भुवयांत बारा महिने पीठ असायचं. आम्ही त्याला गिरणीवालाच म्हणायचो. भूगोलाच्या तासाला तो उभा राहायचा. "सर, पृथ्वी फिरती, तर मग विहिरीतलं पाणी सांडत कसं नाय?" सर म्हणायचे, "तू खाली बस, म्हणजे सांडणार नाही." वर्ग हसायचा, तोही हसायचा आणि पुढच्या तासाला पुन्हा उभा राहायचा.

नववीत असताना तालुक्याच्या खो-खो सामन्यांसाठी आमचा संघ पैठणला निघाला. टेम्पो गिरणीपुढून हळू जात होता, तेवढ्यात हा बाहेर आला. "कुठं चालले रे समदे?" त्याला चांगलं माहीत होतं. पण विचारल्याशिवाय राहवायचं नाही. "कप आणायला," आतून कोणीतरी ओरडलं.

कप काही आला नाही. शेवटच्या मिनिटाला समोरच्यांचा एकच गडी मैदानात होता, दमलेला, पाय ओढत पळणारा. मी पाटीवर बसलेलो. मागून आमचा गडी खो द्यायला येतोय हे मला कळत होतं, आणि तो हात पाठीला लागायच्या आधीच मी उठलो. पंचाची शिट्टी वाजली. फाऊल. पुन्हा जुळवाजुळव करेपर्यंत वेळ संपली. समोरच्या शाळेची पोरं ढोल वाजवत नाचली, आणि आम्ही टेम्पोत चढलो.

येताना कोणी बोलत नव्हतं. आमचा कप्तान अंगानं दांडगा, दहावीतल्या पोरांनाही न भिणारा. तो माझ्याकडे बघत एवढंच म्हणाला, "उतर खाली. मग बघतो तुला." बाकीच्यांनी माना हलवल्या. मार तर मिळणारच होता, पण त्यापेक्षा पुढचं वर्षभर मी काय होणार हे मला दिसत होतं. आमच्या वर्गात एकाला पकडलं की सोडायचे नाहीत.

मी म्हणालो, "मपलं काय चुकलं? सकाळी निघतानाच त्या गिरणीवाल्यानं इचारलं ना, कुठं चालले म्हणून. तवाच बोंबललं व्हतं समदं."

मागच्या फळीवरून आवाज आला, "मपला मामा बैल घ्यायला निघाला तव्हाबी यानंच इचारलं व्हतं. बैल लंगडा निघाला."

"मपल्या आईची एष्टी चुकली त्या दिवशीबी हाच व्हता."

"अबे, पिछले साल मेरी सायकल चोरी हुई ना, उस दिन भी." हा शहरातल्या छावणीतून नव्यानं आलेला मुलगा. त्याची सायकल गेली तेव्हा तो आमच्या गावात राहायलाही आला नव्हता. पण ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

बिडकीन येईपर्यंत अर्ध्या गावाचं वाईट त्या पोराच्या डोक्यावर बसलं होतं, आणि कप्तान माझ्या खांद्यावर हात टाकून उतरला. त्या रात्री मला छान झोप लागली. हे लिहायला लाज वाटते, पण लागली.

पुढं जे झालं त्यात हसण्यासारखंही बरंच होतं, हे नाकारून चालणार नाही. पोरं शाळेला जाताना गिरणी टाळायला शेतातून वळसा घालू लागली आणि चिखलाचे पाय घेऊन वर्गात येऊ लागली. गणिताचे सर, जे आम्हाला अंधश्रद्धेवर निबंध लिहायला लावायचे, ते बँकेत निघाले की त्याला लांबूनच हात दाखवायचे. "काही विचारू नकोस, मी आल्यावर बोलू." शेजारच्या गावचा संघ आमच्या मैदानावर आला तेव्हा कप्तानानं याला मुद्दाम फाटकावर उभं केलं. "त्यांला इचार, कुठं चालले." यानं इमानदारीत विचारलं. आम्ही जिंकलो. त्या दिवशी त्याला सगळ्यांनी मिळून भेळ चारली आणि तो खूश होऊन भेळ खात होता.

पण वर्गात तो उभा राहायचा थांबला. आधी आठवड्यातून एखादा प्रश्न, मग तोही नाही. भूगोलाचे सर एकदा शिकवता शिकवता थांबले. "काय रे, आज काही शंका नाही?" त्यानं मान हलवली. मी त्याच्या मागच्याच बाकावर होतो. मला त्याची मान दिसत होती, कानामागे पिठाची रेघ.

त्यानंतर मी त्याच्याबरोबर घरी जायला लागलो. डबा त्याच्याशेजारी खायला लागलो. याला चांगुलपणा म्हणता येणार नाही, मला ती रेघ सहन होत नव्हती एवढंच. खरं सांगायचं धाडस मात्र झालं नाही. दहावीच्या परीक्षेत विज्ञानाच्या पेपरला कप्तानानं त्याला गिरणीत बसवून ठेवलं, सगळे केंद्रावर पोचेपर्यंत निघायचं नाही म्हणून. तो पळत पळत आला, दार लावत असतानाच आत शिरला. बाहेर आल्यावर मी त्याला पाणी दिलं. तो म्हणाला, "या वर्गात तू एकटाच माणूस हाये." मी पाण्याचा तांब्या परत घेतला.

त्या वाक्यावर मी तीस वर्षं काढली. तो चिकलठाण्याला मोटार वाइंडिंगचं दुकान टाकून बसला, मी तिथंच एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये लागलो. आमची दोस्ती घट्ट झाली. त्याच्या बायकोला, पोरांना, दुकानात चहाला आलेल्या कोणालाही तो माझी ओळख करून द्यायचा, "त्या वर्गात हा एकटाच माणूस." मी हसून विषय बदलायचो. विषय बदलण्यात माझा हात धरणारा कोणी नसेल.

गेल्या उन्हाळ्यात मी त्याच्या दुकानात बसलो असताना कप्तान आला. पोट सुटलेलं, केस गेलेले. पोरीच्या लग्नाची पत्रिका घेऊन स्वतः आला होता. "यायचं बरं का, वहिनींला घेऊन." गिरणीवाला तांब्याची तार गुंडाळत म्हणाला, "बघू." कप्तान थोडा वेळ उभा राहिला, मला एक पत्रिका दिली आणि चहा न घेताच गेला.

"मी नाय जाणार," गिरणीवाला म्हणाला. "मपली शाळा यानं नासवली. ते समदं यानंच उठवलं व्हतं."

"कशावरून?"

"दुसरं कोण? गिरणीत बसवणारा हा, फाटकावर उभं करणारा हा. याच्या भावाच्या लग्नाला नाय गेलो, बाप वारला तव्हा नाय गेलो. आता पोरीच्या लग्नाला जाऊ व्हय?" आणि त्यानं माझ्याकडे चहाचा ग्लास सरकवला. "तू एकटाच..."

"मी उठवलं," मी म्हणालो.

त्याला कळलं नाही. मी टेम्पोतलं सगळं सांगितलं. फाऊल, कप्तानाचं "उतर खाली", माझं वाक्य, लंगडा बैल. तो तार गुंडाळत राहिला. मग हात थांबले.

"तुला लई मार पडला असता?"

"लई."

"मंग खायचा व्हता," तो म्हणाला. तार खाली ठेवत म्हणाला, "त्याचा बाप वारला, मी गेलो नाय."

मला वाटलं होतं तो मला हाकलून देईल. त्यानं दुकानाचं शटर ओढलं आणि मला बजावून सांगितलं, लग्नाला दोघांनी जायचं आणि हे तू तुझ्या तोंडानं त्याला सांगायचं.

लग्नात कप्तानाचा फेटा कानावर आला होता, आचारी त्याच्या नावानं ओरडत होता. गिरणीवाल्यानं त्याला दंडाला धरून मांडवाच्या कडेला आणलं. "याला काय बोलायचंय, ऐक." मी बोललो. कप्तान ऐकत राहिला, मग फेटा सरळ करत गिरणीवाल्याला म्हणाला, "म्हंजे तू मपल्यावर राग धरून व्हता? मला वाटलं शहरात जाऊन शिष्ट झाला." आणि जरा थांबून, "पन परीक्षेच्या दिवशी गिरणीत तर मीच बसवलं ना तुला. ते काय यानं सांगितलं नव्हतं."

"ते हायेच," गिरणीवाला म्हणाला. "तुपलं तुला, याचं याला."

"बरं. जेवून जा पन दोघं."

जेवलो. पंगतीत तो माझ्याशेजारी बसला नाही, कप्तानाच्या भावाशेजारी बसला. लांबून त्याचं हसणं ऐकू येत होतं. मला वाईट वाटलं आणि त्याच वेळी जिलबीही गोड लागली, दोन्ही खरं आहे.

मग पुष्कळ दिवस त्याचा फोन नाही. मीही केला नाही. आणि एका रविवारी सकाळी तो बायकोला घेऊन घरी आला. माझ्या बायकोनं पोहे केले. खुर्चीत नीट बसून त्यानं माझ्या बायकोला आणि कॉलेजात जाणाऱ्या मुलीला सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगितली, टेम्पोतल्या माझ्या तोंडाची, भेदरलेल्या आवाजाची नक्कल करून. तो टेम्पोत नव्हता, तरी नक्कल हुबेहूब होती. बायको आधी हसली, मग हसायची थांबली.

मुलगी माझ्याकडे वळली. "पप्पा, तुम्ही केलं हे?"

मी विषय बदलला नाही. "हो," म्हणालो. "मीच."

गिरणीवाल्यानं ताटली पुढं केली आणि माझ्या बायकोला म्हणाला, "वहिनी, आजून वाढा थोडे. आन् याला शेवटी वाढा."