फ्लेक्सवरची लेक

"ए बाई, मांगं बस. ह्या खुर्च्या पाव्हण्यायच्या आहेत."

सिंदी रेल्वे गावच्या मंडपात सत्कार समितीच्या अध्यक्षांनी हे सुनावलं ते माझ्या मुलीला. सत्कार तिचाच होता. मंचावर तिचा भलामोठा फ्लेक्स लावलेला. त्यावर ती गोरीपान, भरजरी साडीतली, मालिकेतल्या श्रीमंत घराची सून. खाली उभी होती ती काळी, साध्या पंजाबी ड्रेसमधली, तेल चोपडून वेणी घातलेली. शूटिंग आटोपून तशीच रेल्वेने आलेली.

मी मंचावर होतो. नटीचा बाप म्हणून. या गावात मी बावीस वर्षं शिकवलं, पण मंचावरची खुर्ची पहिल्यांदाच मिळाली होती.

अध्यक्ष कापसाचे मोठे व्यापारी. त्यांनी तिला वरून खाली पाहिलं, माझ्याकडे वळून हसत विचारलं, "गुरुजी, तुमच्या वस्तीतली हाये का हे?"

तुमच्या वस्तीतली. म्हणजे कुठली, ते मंडपात सगळ्यांना कळलं. काही जण हसले.

मी म्हणालो, "हो. वस्तीतलीच आहे."

वाटलं, तिने मागे जाऊन तोंडाला काही लावून यावं, मग ओळख करून देऊ. खरं सांगायचं तर लाज वाटली. जन्मभर फळ्यावर समता लिहिली आणि पोटच्या पोरीचा रंग लपवला.

तिने ऐकलं होतं. मंचाजवळ आली. आवाज चढवला नाही.

"बाबा, मले तिथं दोन तास रंगवतात, तवा मी गोरी होतो. तुमाले कोनं रंगवलं?"

आणि स्टेशनकडे चालू लागली.

गावात बोभाटा झाला. नटी झाली, माज चढला. समितीने माझ्याकडून माफीनामा मागितला. मी दिला. 'मुलगी अशा अवतारात आली की मलाही ओळखू आली नाही. तिच्या उद्धटपणाबद्दल क्षमस्व.' सुवाच्य अक्षरात, सहीनिशी.

तीन वर्षं झाली. ती नालवाडीला आमच्या घरी येते, आईशी बोलते. मला जेवायला वाढते. बोलत नाही.

गेल्या आठवड्यात अध्यक्षांचा फोन आला. झालं गेलं सोडा, यंदा पुन्हा सत्कार ठेवू म्हणाले. "फक्त पोरीले टीव्हीत दिसते तशी तयार करून आणजा, गुरुजी. लोकायले तेच पायजे."

'हो' तोंडापर्यंत आला होता. सवयीने. गिळला.

म्हणालो, "पोरगी येनार नाई. मी येतो. मले माईक पायजे."

कशाले, असं त्यांनी दोनदा विचारलं. मी फोन ठेवला.

माफीनामा मी मागे घेतो आहे. माईक दिला नाही तर तसाच बोलेन, वर्गात बोलायचो तसा. मुलीने माफ करावं म्हणून नाही. करूही नये. पण ती उद्धट नव्हती, आणि माझी नजर अधू नव्हती. ती मंडपाच्या दारात आली, तेव्हाच मी तिला ओळखलं होतं. हे मी गावासमोर सांगणार आहे.