मैदानावरचा नारळ

घाटकोपरच्या आमच्या कबड्डी संघाचा कप्तान पलीकडच्या बौद्ध वस्तीतला होता. त्याच्यासारखी चढाई अख्ख्या उपनगरात कुणाची नाही, असं मंडळाचे अध्यक्ष छाती फुगवून सांगायचे. सामन्याआधी यजमान कप्तानानं मैदानावर नारळ फोडायचा, अशी पद्धत. आमच्याकडे मात्र तो दरवेळी माझ्या हातात यायचा, कारण मी कोकणातल्या मराठ्याचा मुलगा. कप्तान शेजारी हात बांधून उभा राहायचा.

त्या वर्षी अंतिम सामन्याच्या सकाळी आम्ही सातही जणांनी ठरवलं, की नारळ कप्तानाला दिला नाही तर शिटी वाजताच मध्यरेषेवर बसायचं, खेळायचं नाही. सगळ्यांत मोठ्यानं मीच बोललो होतो. वडील गिरणीच्या संपावर होते, घरात रोज लढ्याच्याच गोष्टी चालायच्या, आणि मला वाटायचं, आपणही त्यातलेच.

अध्यक्षांनी नारळ माझ्यापुढे धरला. "तू फोड रे. देवाचं काम आहे, पब्लिकसमोर नाटकं नकोत."

पहिल्या रांगेत बँकेचे साहेब होते. खेळाडूंसाठी राखलेल्या जागेवर एकाला नोकरी द्यायची म्हणून ते सामना बघायला आले होते. मी त्यांच्याकडे बघितलं आणि नारळ फोडला.

शिटी वाजली. कप्तान मध्यरेषेवर जाऊन बसला. बाकीचे पाच माझ्याकडे बघत राहिले. मी बसलो असतो तर तेही बसले असते. दोघा कार्यकर्त्यांनी त्याला दंडाला धरून बाहेर काढलं, बदली खेळाडू आत आला, आणि आम्ही निर्लज्जासारखे जिंकलो. कुणीतरी हातावर खोबरं ठेवलं, तेही मी खाल्लं. अध्यक्षांची मला आजही शिसारी येते, पण स्वतःची त्याहून जास्त येते. नोकरी मलाच लागली. संसार तिच्यावरच झाला.

दुसऱ्या दिवशी मैदानात राहिलेली त्याची पिशवी द्यायला गेलो. तो घरी नव्हता. त्याच्या आईनं बसवलं, चहा ठेवला.

"सांगितलं त्यानं," ती म्हणाली. "सगळेच्या सगळे बसलात म्हणे रेषेवर. मॅच झालीच नाही. लई बरं वाटलं बघ. मी त्याला म्हणत होते, ही पोरं ऐनवेळी फिरतील."

तिनं दिलेला चहा प्यायलो.