तिला वाचता येतं

आजवर ही गोष्ट माझ्या तोंडातून बाहेर पडलेली नाही. मुलाला माहीत नाही, सख्ख्या भावाला नाही. तुम्ही अनोळखी आहात, म्हणूनच कदाचित तुमच्याजवळ बोलावंसं वाटतं आहे. पण एकदम मुद्द्यावर येणं मला जमणार नाही. आधी त्या पुस्तकाबद्दल सांगू द्या. पुस्तकाबद्दल बोलायला मला अजूनही आवडतं.

तेव्हा आम्ही भोसरीत एका पत्र्याच्या खोलीत राहायचो. लातूरकडून नवीनच आलो होतो. मी दहावी झालेला, चाकणच्या एका कंपनीत लेथवर. बायको, शकुंतला, शाळेची पायरी न चढलेली. एकदा कामगारांच्या वाचनालयातून मी एक जाड ऐतिहासिक कादंबरी आणली. पहिली पानं फाटलेली, त्यामुळे नाव-गाव काहीच नव्हतं. सहज मोठ्यानं वाचायला लागलो आणि शकुंतलेचा भाकरी थापणारा हात थांबला. तव्यावरची भाकरी करपली. ती आम्ही तशीच खाल्ली.

काय होतं त्या पुस्तकात? तुम्ही हसाल. किल्लेदाराची मुलगी गोदा, उत्तरेच्या स्वारीवर गेलेला एक शिलेदार, आणि वाट पाहणं. पण ते वाट पाहणं किती सुरेख होतं! धुक्यातून येणाऱ्या टापा, तळ्यात थरथरणाऱ्या दिवट्या, दारातून गेल्यावरही मागे रेंगाळणारा हिन्याचा वास. वाक्यं झोपाळ्यासारखी लांब — एकदा बसलं की उतरावंसंच वाटायचं नाही. बाहेर टेंपो चालू असायचे, पत्र्यावर कावळे नाचायचे, आणि आत आमच्या खोलीची एक भिंत हळूच नाहीशी व्हायची. तिथून थेट दरी दिसायची. माझ्या बोटांना मशीनच्या तेलाचा वास असे, पान उलटताना तो पानाला लागे. पुढेपुढे आम्हाला दोघांना तोच हिन्याचा वाटायला लागला — खोटं नाही सांगत.

वाचन चालायचं ते माझ्या पाळीवर. पहिली पाळी असली की संध्याकाळी, दुसरी असली की दुपारी जेवणं झाल्यावर. रातपाळीच्या आठवड्यात बंद. एकदा गोदा शिलेदाराची वाट पाहत बुरुजावर चढली आणि माझी रातपाळी लागली. शेजारच्या सखूबाई दारातूनच ओरडायच्या, “काय गं शकू, उतरली का तुझी बाई बुरुजावरनं?”

“कुठली उतरती वो माय! ह्यांची रातपाळी हाय. हुबीच हाय बिचारी.”

मी पांघरुणात पडून ऐकायचो. कारखान्यात मी शेकड्यांतला एक होतो. इथे मात्र मी पुस्तक उघडल्याशिवाय एक बाई बुरुजावरून खाली उतरू शकत नव्हती. हे सुख तुम्हाला कसं सांगू?

मग मी पुस्तकात भर घालायला लागलो. शकुंतलेच्या ओठाखाली तीळ आहे. तो मी गोदेला दिला. ती लाजून पदराआड हसली. मला जे बायकोला तोंडावर कधी म्हणता आलं नाही, ते मी शिलेदाराच्या तोंडी घातलं. आणि काही गाळलंही. खऱ्या पुस्तकात तो उत्तरेत दुसरं लग्न करतो. माझ्या वाचनात केलं नाही. शकुंतला मधूनमधून विचारायची, “दुसरी न्हाई ना केली त्यानं?” मी पानाकडे बघत म्हणायचो, “नाही.”

इथपर्यंत गोड आहे, नाही? इथेच थांबावं असं वाटतं.

त्या वर्षी वस्तीत बायकांसाठी साक्षरतेचा वर्ग निघाला, मारुतीच्या देवळात. शिकवणारी तरुण मुलगी घरोघर नावं घेत आली. शकुंतला दळण आणायला गेली होती. आदल्याच दिवशी ती म्हणाली होती, “मला आलं वाचाया, तर तुमच्या रातपाळीत गोदाला मीच खाली आणीन.” आणि मी त्या मुलीला सांगितलं — हिला वाचता येतं, चौथी झाली आहे.

का? शिलेदाराचं दुसरं लग्न उघडं पडेल म्हणून? थोडं तेही. पण खरं कारण त्याहून हलकं आहे. ती माझ्याकडे मान वळवून बसायची, ती मान मला हवी होती. ती मान पुस्तकाकडे वळली असती, तर मी कोण उरलो असतो?

शकुंतलेला मी यातलं काही बोललो नाही. ती सखूबाईंबरोबर नवी पाटी घेऊन देवळात गेली. ती मुलगी सगळ्यांसमोर म्हणाली, “तुम्ही कशाला आलात? तुमचे मिस्टर तर म्हणाले, चौथी झाली आहे.” पुढचं मला शकुंतलेनंच घरी येऊन सांगितलं. तिनं पाटी सखूबाईंच्या हातात दिली, म्हणाली, “व्हय, येतं की. हिला सोडाया आले.” आणि परत फिरली.

मी वाट पाहत होतो, ती चिडेल. भांडली असती तर मी सगळं ओकलो असतो, असं मी स्वतःला सांगत आलो आहे. ती चिडली नाही. चुलीजवळ बसली, डोळे भरलेले, आणि म्हणाली, “माझी बायको अडाणी हाय, आसं तुमाला सांगवलं न्हाई. चार बायांत माझी मान ठिवली तुमी.”

मी ते घेतलं. देवळातला प्रसाद घ्यावा तसं, दोन्ही हातांनी घेतलं.

त्या दिवसापासून तिला वाचता येणारी बाई व्हावं लागलं. माझा शब्द खोटा पडू नये म्हणून. देवळात कुणी आरतीचं पुस्तक पुढे केलं की तिचं डोकं दुखायचं. पुढे चष्मा लागला. तो तिला फार उपयोगी पडला, कारण तो घरी विसरता येतो. आता आम्ही मोशीला मुलाच्या फ्लॅटमध्ये असतो. स्टॉपवर ती पोरांना विचारते, “बाळा, कुठली गाडी हाय रं? चष्मा राह्यला घरी.” सून मोबाइलवर काही दाखवते, तेव्हा ती नेमकी तितका वेळ बघते जितका वाचायला लागेल. हे तिनं कुठून शिकून घेतलं? मी कधी विचारलं नाही. तिच्या बहिणीला मात्र ती अजून सांगते, ह्यांनी माझी मान ठेवली. मी तिथेच बसलेलो असतो.

हे सगळं तिला सांगायचं सोडून मी तुमच्यासाठी लिहायला बसलो आहे. ते का, हे तुम्ही ओळखलंच असेल. तिच्यापासून लपवायला मला कागद पालथाही घालावा लागत नाही.

काल दुपारी ती चहा घेऊन आली. म्हणाली, “काय लिवताय येवढं?”

“गोष्ट,” मी म्हणालो.

“मग वाचा की.” आणि समोर बसली, मान माझ्याकडे वळवून.

मी हाच कागद हातात धरला. बराच वेळ वाचून दाखवलं. यातलं एक अक्षरही त्यात नव्हतं.