काबरीची चोच

साल २०१८. मी तेव्हा एकाहत्तर वर्षांचा होतो. बोरी अरबची माझी मोठी बहीण कायमची लेकाकडे नागपूरला चालली होती. बाकीच्या कोंबड्या तिनं वाटून टाकल्या, पण काबरी अकरा अंड्यांवर उबवायला बसली होती. "भाऊ, हिले हलवलं त उठून जाईन, अंडे थंडे होतीन," बहीण डोळे पुसत म्हणाली. मी म्हटलं, "बाई, मी नेतो तिला माझ्या घरी. एकही अंडं थंड होऊ देत नाही." दिवस मावळल्यावर कोंबडीला दिसत नाही, म्हणून तोवर थांबलो आणि खाली अंथरलेल्या कुटारासकट, म्हणजे भुशासकट, आणि अंड्यांसकट तिला घमेल्यात उचललं, वरून माझा दुपट्टा झाकला. भाचा म्हणाला, "मामा, गाडीवर बसा, दहा मिनिटात सोडतो." "अन् धक्क्यानं अंडे फोडतं काय?" म्हणून मी घमेलं डोक्यावर घेतलं आणि दोन कोस पायी चाललो. दोन्ही बाजूंनी फुटलेला कापूस, डोक्यावर काबरीची ऊब. वाटेत एकानं टोमणा मारला, "आबा, सोनं नेऊन राह्यले का?" म्हटलं, "सोनं पिल्लं काढत नाही, बाबू!" घरी बायको हसली, "सकाळी हात घालून पाहा. चोच मारली त अंड्यावर टिकून बसली, नाही त उठून गेली." आज मला घागर उचलवत नाही, पण ते ओझं आठवलं की मान ताठ होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी हात घातला. काबरीनं पिसं फुगवून अशी चोच हाणली, की रक्त आलं. तो हात न धुता मी चहाच्या टपरीवर गेलो आणि साऱ्या गावाला दाखवला.